सातांच्या जागी दोघं

पैलवानबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी एका माणसाचं मनगट धरलेलं होतं आणि त्या माणसाच्या मुठीत फुटकी बाटली होती.

महापालिकेच्या मोठ्या इस्पितळात, अपघात विभागाच्या दाराशी, केसपेपरच्या खिडकीत मला नोकरी लागून चारच दिवस झाले होते. दारूच्या नशेत जिन्यावरून गडगडलेला एक आडदांड माणूस टाके घालायला टेबलावर झोपवला होता. सुई टोचली तसा तो ताडकन उठला, औषधाची बाटली टेबलाच्या कडेवर आपटून फोडली आणि टाके घालणाऱ्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंच्या गळ्याला लावली. त्यांच्या कानाखालून रक्ताची बारीक धार निघून कोटाच्या कॉलरपर्यंत आली. आम्ही सगळे ओरडत होतो. पैलवानबाई ओरडल्या नाहीत. मागून आल्या, त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि अंगठा बाहेरच्या बाजूला पिळला. बाटली पडली. तो वळून त्यांच्या दंडाला कडाडून चावला. त्यांनी चावू दिलं, पण मनगट सोडलं नाही. तेवढ्यात बाकीचे रक्षक धावत आले आणि त्याला बांधला.

मग त्या माझ्या खिडकीशी आल्या. दंडातून रक्त गळत होतं.

"नवीन ना तुम्ही? माझा केसपेपर काढा. माणूस चावला म्हणून लिहा. कुत्रा लिहू नका, उगाच कुत्र्याची बदनामी."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘खिडकीवाले’ झालो.

पैलवानबाई कधी आखाड्यात गेल्या नव्हत्या. बुटक्या, रुंद, मानेत अंमळ आखूड. एकदा लिफ्ट बंद पडली तेव्हा त्या एका बाळंतिणीला पाठीवर घेऊन तीन जिने चढल्या, तेव्हापासून हे नाव पडलं. घरी नवरा शिंपी. जिन्याखालच्या गाळ्यात कपड्यांची दुरुस्ती करायचा. अतिशय भित्रा माणूस. बोटात सुई गेली तरी बायकोला हाक मारायचा. सासू मात्र तोंडाची तिखट. "आमच्या घरात बाप्या एकच, आणि तो सून म्हणून आला," असं शेजारणींना सांगायची. पैलवानबाई हसायच्या. एक मुलगी होती, कुरिअरच्या ऑफिसात कामाला. ती रोज सांगायची, "आई, सोड ती नोकरी." आई रोज म्हणायची, "सोडते."

लहानपणाबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या. बाप आईला पट्ट्याने मारायचा, बकलाच्या बाजूने. आईच्या एका डोळ्याची नजर त्यातच गेली. पंधराव्या वर्षी यांनी बापाचं मनगट धरलं. बापाने दुसऱ्या हाताने यांचा जबडा फोडला, तरी धरलेला हात सुटला नाही. "त्याला दमवला मी," त्या म्हणाल्या. "मारणाऱ्याला मारून काही होत नाही, खिडकीवाले. धरून ठेवला की दमतो."

त्या वेळी प्रत्येक पाळीत सात रक्षक असायचे. दोन जण दारातल्या सरकत्या लोखंडी जाळीच्या गेटवर, एक बाहेर रुग्णवाहिकेच्या रॅम्पवर, दोन आत टेबलांजवळ, एक वॉर्डाच्या जिन्याशी आणि एक सुटा, म्हणजे जिथे आग लागेल तिथे पाणी घालायला. रॅम्पवर शिट्टीदादा असायचे. उंच, काटकुळे, निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. गळ्यात पितळी शिट्टी आणि ती वाजवण्याचा भारी सोस. रुग्णवाहिका मागे घेताना वाजवायचे, पुढे घेताना वाजवायचे, कबुतरं हाकलायलाही वाजवायचे. पैलवानबाई म्हणायच्या, "दादा, फुप्फुसं घरी वहिनींसाठी थोडी राखून ठेवा."

अपघात विभाग म्हणजे शहरातल्या सगळ्या मारामाऱ्यांचा शेवटचा थांबा. भांडण रस्त्यावर सुरू व्हायचं आणि संपायला आमच्याकडे यायचं. भाऊ भावाचं डोकं फोडून त्यालाच घेऊन यायचा आणि टाके घालून झाले की पुन्हा फोडायला बघायचा. मेलेल्या माणसाचे नातेवाईक डॉक्टरच्या अंगावर खुर्च्या फेकायचे. पण सात जणं होती. खुर्ची उचलली जायची, ती खाली येईपर्यंत कोणीतरी ती धरलेली असायची. म्हणून वर्षाच्या शेवटी अहवालात ‘गंभीर घटना : शून्य’ असं लिहिलं जायचं. ते शून्यच आमच्या मुळावर आलं.

त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात एक कलम होतं, ‘सुरक्षा मनुष्यबळाचे सुसूत्रीकरण’. अग्निशमन केंद्रं, बागा, पाण्याच्या टाक्या, इस्पितळं, सगळ्यांना एकच कात्री. आमच्या पाळीत सातांचे तीन होणार होते आणि त्याबदल्यात भिंतींवर बारा कॅमेरे बसणार होते. युनियनचा पुढारी म्हणाला, निवेदन देऊ. पैलवानबाई म्हणाल्या, "निवेदनाला तोंड नसतं. मी जाते."

महापालिकेत अर्थसंकल्पाच्या सभेच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. नागरिकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं मिळायची. समितीचे अध्यक्ष पिकल्या केसांचे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. त्यांच्या समोर फुटक्या जलवाहिन्यांच्या फायली होत्या आणि गळक्या शाळांच्याही.

"बाई, तुमचं काम मोठं आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण अंथरूण पाहून पाय पसरावे लागतात."

"साहेब, अंथरूण कमी पडलं तर पाय पोटाशी घेतात. कापत नाहीत."

मागच्या बाकांवर हशा झाला. अध्यक्षही हसले.

"हा अहवाल बघा. गेल्या तीन वर्षांत तुमच्या विभागात एकही गंभीर घटना नाही. मग सात माणसं कशासाठी?"

"आम्ही सात होतो म्हणून नाही, साहेब."

"ते सिद्ध कसं करणार?"

पैलवानबाईंनी शर्टाची बाही दंडापर्यंत वर केली. चावल्याचे वण, भाजल्याचे वण, कोयत्याच्या टोकाचा एक लांब वण. "यातलं एकही तुमच्या कागदावर नाही," त्या म्हणाल्या. "कारण हे माझ्या अंगावर थांबलं. कॅमेरा बघतो, साहेब. तो धरत नाही."

घंटा वाजली. तीन मिनिटं झाली होती.

पैलवानबाई राहायच्या त्याच वॉर्डाच्या नगरसेविका उठल्या. चांगल्या बाई होत्या, पण थकलेल्या दिसत होत्या. "ताई, मला पटतंय. पण तुम्हीच सांगा, कुठलं कमी करू? पाणी की शाळा?"

पैलवानबाईंनी बाही खाली ओढली. परतताना बसमध्ये त्या म्हणाल्या, "त्या बाईने बरोबर विचारलं. पण मला का विचारलं? मी काय अर्थसंकल्प मांडायला गेले होते?"

कलम आवाजी मतदानाने मंजूर झालं. नवीन महिन्यापासून पाळीत तीनच रक्षक.

पहिल्याच आठवड्यात एका परिचारिकेच्या कानशिलात बसली, पडदा फाटला. दुसऱ्या महिन्यात हाडांच्या डॉक्टरचा जबडा मोडला. लोखंडी स्टूलने मोडला आणि बाराच्या बारा कॅमेऱ्यांनी तो मोडताना पाहिला. एका म्हाताऱ्याला त्याच्या जावयाने स्ट्रेचरवरून ओढून काढून भिंतीवर आपटला. पैलवानबाई दुसऱ्या टोकाला एका बाईचे केस दुसऱ्या बाईच्या मुठीतून सोडवत होत्या. त्या पोचेपर्यंत म्हाताऱ्याच्या कवटीतून रक्त येऊन भिंतीवर फुलीसारखा डाग पडला होता. म्हातारा तिसऱ्या दिवशी गेला. गेटची कडी वाकली ती कुणाच्या तरी लाथांनी. दुरुस्तीचा अर्ज तीनदा दिला. कडी लागेना, म्हणून गेट लावायचं तर कोणीतरी ते हातांनी धरून उभं राहावं लागे.

मग तिसऱ्या रक्षकाने पाठदुखीची रजा टाकली. बदली माणूस मिळाला नाही. राहिले दोघं, बाहेर शिट्टीदादा आणि आत पैलवानबाई.

ती मंगळवारची दुपार होती. चारचा सुमार. आत बेचाळीस रुग्ण होते. आकडा मला पाठ आहे, कारण केसपेपर मीच काढले होते. जुलाबाने मलूल झालेली लहान मुलं, प्राणवायूवरचा एक आजोबा, कळा देणारी एक बाई जिला वरच्या वॉर्डात जागा नव्हती. तेवढ्यात एका टेम्पोतून ट्रक अड्ड्यावरचा एक तरुण आणला. गाड्या कोणी भरायच्या यावरून दोन टोळ्यांत जुंपली होती. याच्या पोटात दोन वार होते आणि त्याने स्वतःचं आतडं दोन्ही हातांनी आत दाबून धरलं होतं. बरोबरचा भाऊ एकच वाक्य बोलत होता, "ते मागून येतायत. ते मागून येतायत."

पैलवानबाईंनी ते ऐकलं. मला म्हणाल्या, "पोलिसांना फोन लावा." इस्पितळात पोलीस चौकी होती, तिथला एकुलता शिपाई कोर्टात साक्षीला गेला होता. मी नियंत्रण कक्षाला फोन लावला. त्यांनी मला नाव विचारलं, पत्ता विचारला, मग पुन्हा नाव विचारलं.

दोन गाड्या रॅम्पवर घुसल्या. अकरा जण उतरले. कोयते, सळया, एकाकडे साखळी. शिट्टीदादांनी शिट्टी वाजवली. जोरात, न थांबता, एका दमात. दोन्ही हात पसरून ते रॅम्पच्या मधोमध उभे राहिले. मला वाटतं, त्यांना स्वतःलाही आपण काय करतोय हे कळलं नसावं. पहिली सळई गुडघ्यावर बसली. हाडाचा आवाज मला काचेच्या आत ऐकू आला. शिट्टी तोंडातून पडली. दादा खाली बसले, पुन्हा उठले आणि एका पायावर उड्या मारत गेटकडे येऊ लागले. मागून ते अकरा.

पैलवानबाई गेट ओढत होत्या. अर्धं आलं होतं. दादा सहासात पावलांवर होते, आणि अकरा जण त्यांच्या अगदी पाठीशी. दादांना आत घ्यायचं तर ते सगळे आत येणार होते.

बाईंनी गेट पूर्ण ओढलं.

दादा येऊन गेटवर आदळले. जाळीत बोटं घातली. त्यांचं तोंड आणि बाईंचं तोंड यांच्यात वीतभर अंतर होतं.

"उघड! बाई, उघड! उघड ना!"

बाईंनी दोन्ही हातांनी गेटची कड धरली आणि पाय भिंतीला लावले. मागून कोयता दादांच्या मानेत बसला. मग खांद्यात. मग मी मोजणं सोडलं. मी केसपेपरच्या टेबलाखाली होतो, फोन कानाला, आणि खिडकीच्या खालच्या फटीतून मला दादांचे बूट दिसत होते. ते जमिनीवर घासत होते, मग घासायचे थांबले.

मग ते अकरा जण गेटला भिडले. ओढू लागले. बाईंची डावी बोटं कडेवर बाहेरून दिसत होती. एकाने कोयता घातला. तीन बोटं गेली. बाई ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ओरडताना ऐकलं. पण गेट चार इंचच सरकलं, कारण बोटांऐवजी त्यांनी आता त्याच हाताचं कोपर जाळीत अडकवलं होतं. बाहेरून सळईने त्या कोपरावर घाव पडत होते. प्रत्येक घावाला त्यांचं सगळं अंग हलत होतं, गेट मात्र हलत नव्हतं.

आतून एक परिचारिका ओरडली, "खिडकीवाले, तिथेच मरणार आहात का?"

तेव्हा मी बाहेर आलो. मी शूर नाही, हे लिहून ठेवतो. ती प्राणवायूच्या मोठ्या सिलिंडरची गाडी ढकलत होती. आम्ही दोघांनी ती गेटच्या चाकाशी आडवी घातली, दुसरी तिच्यामागे. गेट अडलं. बाई तरी कोपर काढेनात. काढता येत नव्हतं. ते दोन ठिकाणी मोडलं होतं आणि जाळीत वळलं होतं. समोर दादा गेटला टेकून बसलेले. त्यांच्या डोक्याचा भार बाईंच्या गुडघ्यावर आला होता, मध्ये फक्त जाळी.

पोलीस बाविसाव्या मिनिटाला आले. आतल्या टेबलावर तोवर डॉक्टरांनी त्या तरुणाचं पोट शिवलं होतं. तो जगला. बेचाळीसपैकी एकाच्याही केसाला धक्का लागला नाही. कळा देणाऱ्या बाईला त्याच गोंधळात मुलगी झाली.

शिट्टीदादा गेले.

चौकशीला तीन अधिकारी बसले. कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं होतं, पण कॅमेऱ्यांना आवाज नव्हता. चित्रात दिसत होतं ते एवढंच, की दादा गेटशी येतात, तोंड हलवतात आणि बाई गेट बंद ठेवतात.

"मयत रक्षक त्या वेळी काय म्हणत होते?" मला विचारलं.

पैलवानबाईंची नोकरी, त्यांची अब्रू, कदाचित त्यांच्यावरचा गुन्हा, सगळं त्या प्रश्नावर टांगलेलं होतं. निदान मला तसं वाटलं. आणि मी टेबलाखाली होतो हेही मला झाकायचं होतं. मी म्हणालो, "गेट लावा, म्हणत होते. ‘बाई, गेट लावा.’"

बाईंना वॉर्डात जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "आवाज फार होता." तेवढंच.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत ते शब्द होते. सभागृहात अध्यक्षांनी ते वाचून दाखवले आणि सगळे सदस्य दोन मिनिटं उभे राहिले. आम्ही कामगारांनी दोन दिवस काम बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी विशेष सभा झाली आणि पाळीत तीनांच्या जागी पाच रक्षक मंजूर झाले.

त्याआधी अध्यक्ष एकटेच वॉर्डात आले होते. बाईंच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. मग म्हणाले, "माझं चुकलं, बाई."

"तुमचं चुकलं साहेब. पण गेट मी लावलं."

"तुम्ही बेचाळीस जीव वाचवले."

"हो. ते मला माहीत आहे. त्याने झोप येत नाही."

ज्याचं पोट शिवलं होतं त्या तरुणाने सहा महिन्यांनी त्या अकरांतल्या जामिनावर सुटलेल्या एकाला भर बाजारात भोसकून मारला. मी ती बातमी घेऊन धावत बाईंच्या घरी गेलो. मला राग आला होता. "यासाठी का?" असं काहीतरी बोललो. नवरा मशीनवर बसला होता, त्याने पाय थांबवला. बाई उजव्या हाताने भांडी विसळत होत्या.

"मी त्याच्यासाठी गेट लावलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्याचं तोंडसुद्धा मी पाहिलेलं नाही. बसा. चहा घ्या."

डावा हात कोपरातून सरळ होत नव्हता. वैद्यकीय मंडळाने हलकं काम लिहून दिलं. त्यांनी हट्ट धरला, आणि त्यांना दारावरच पाळीप्रमुख म्हणून ठेवलं. मुलीने दोन महिने अबोला धरला. सासू मात्र पहिल्यांदाच सुनेच्या बाजूने बोलली, "अगं, तिला घरी बसवलंत तर ती आपलंच मनगट धरून बसेल."

नऊ महिन्यांनी शिट्टीदादांच्या बायकोला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळाली. दादांची जागा. तोच विभाग, तीच पाळी. पंचेचाळिशीच्या, सडपातळ, ओठ घट्ट मिटलेल्या वहिनी. अंगावरचा गणवेश मापाचा नव्हता. पैलवानबाईंच्या नवऱ्याने तो बसवून दिला आणि त्याबद्दल दोघींनी एकमेकींशी चकार शब्द काढला नाही. बाईंनी त्यांना काम शिकवलं. मनगट कुठे धरायचं, दारुड्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, चाकू असेल तर कोणाला आत ढकलायचं. वहिनी लवकर शिकल्या. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी एका धिप्पाड माणसाला स्ट्रेचरच्या पट्ट्यात अडकवला आणि त्याने लाथ मारून त्यांची बरगडी मोडली तरी पट्टा सोडला नाही.

एका दुपारी रॅम्प मोकळा होता. दोघी बाकावर डबा खात होत्या. मी खिडकीत.

"एक विचारू?" वहिनी म्हणाल्या. "ते ‘गेट लावा’ म्हणाले, तेव्हा घाबरलेले होते का हो?"

मी मान खाली घातली. बाईंनी हातातला घास डब्यात ठेवला.

"ते ‘लावा’ नाही म्हणाले, वहिनी. ‘उघड’ म्हणाले. तीनदा."

वहिनींना क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनी डब्याचं स्टीलचं झाकण उचललं आणि बाईंच्या तोंडावर हाणलं. एकदा, दोनदा. भुवई फाटली. तिसऱ्यांदा डबाच हाणला. बाई बाकावरून खाली पडल्या. वहिनी त्यांच्या छातीवर बसल्या आणि दोन्ही मुठींनी मारू लागल्या. डोळ्यांवर, नाकावर, जिथे बसेल तिथे. नाकाचं हाड मोडलं ते मला दिसलं. बाईंचे हात अंगाशी होते. मी आणि नवे दोन रक्षक धावलो तेव्हा बाईच रक्ताच्या तोंडाने म्हणाल्या, "मध्ये पडू नका कोणी."

वहिनी दमल्या तेव्हा थांबल्या. उठल्या, माझ्याकडे वळल्या.

"आणि तुम्ही खोटं सांगितलंत."

"हो," मी म्हणालो.

"इतके महिने मी त्यांच्यावर रागावले होते. स्वतः मरायला निघाले, माझा विचारसुद्धा केला नाही म्हणून." त्या माझ्या तोंडावर थुंकल्या नाहीत, मारलंही नाही. नुसत्या बघत राहिल्या. त्यापेक्षा मार परवडला असता.

बाईंनी तक्रार केली नाही. वहिनी तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी वेळेवर आल्या, गणवेशात. बाईंचं तोंड अजून काळंनिळं होतं. दोघी गेटच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"मी असते तर उघडलं असतं," वहिनी म्हणाल्या.

"माहीत आहे."

"आतले सगळे मेले असते तरी."

"माहीत आहे, वहिनी."

त्यानंतर दोघी कामाचं बोलायच्या, दुसरं नाही.

पुढच्या वर्षी अर्थसंकल्पात ते कलम पुन्हा आलं. नाव बदललं होतं, आकडा तोच, पाचांचे तीन. अध्यक्ष नवे होते, तरुण, घाईत. नागरिकांच्या यादीत पैलवानबाईंचं नाव होतं. हाक झाली तेव्हा त्यांच्याऐवजी वहिनी उठल्या आणि माईकपाशी गेल्या. बाईंनाही ते अनपेक्षित होतं.

"माझा नवरा तुमच्या भिंतीवर आहे," वहिनी म्हणाल्या. मागच्या भिंतीवर खरंच दादांची पाटी लावलेली होती, त्या शब्दांसह. "त्यावर लिहिलंय ते खोटं आहे. तो ‘गेट लावा’ म्हणाला नाही. तो ‘उघड’ म्हणाला. त्याला मरायचं नव्हतं. त्याला आत यायचं होतं, घरी यायचं होतं. आत घ्यायला माणसं नव्हती, कारण तुम्ही ती काढली होतीत. ती पाटी वाचून तुम्हाला बरं वाटतं. म्हणून ती उतरवा. आणि मग मत द्या."

तीन मिनिटं संपायला अजून बराच वेळ होता. त्या जागेवर येऊन बसल्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्ष पाणी प्यायले. त्या थकलेल्या नगरसेविका उठल्या आणि म्हणाल्या, माझं मत विरोधात. मग एकेक करून नावं पुकारली गेली आणि कलम दोन मतांनी पडलं. पाटी कोणी उतरवली नाही. तो विषय दुसऱ्या समितीकडे गेला आणि मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होता.

मला चौकशीत खोटं बोलल्याबद्दल विचारणा झाली. मी लेखी कबूल केलं. एक वेतनवाढ रोखली. कमीच केलं म्हणायचं.

सभेतून बाहेर पडल्यावर बसथांब्यावर आम्ही तिघं उभे होतो. पैलवानबाई वहिनींना म्हणाल्या, "उद्या सकाळची पाळी आहे. रॅम्पवर तुम्ही?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "उद्या मी गेटवर."

बस आली. खच्चून भरलेली होती. वहिनी पुढच्या दाराने चढल्या, बाई मागच्या.